मोहरीएवढ्या अंड्यातला प्रश्न

या धाग्यात आजवर आपण लढाया, सनदा आणि ताम्रपट पाहिले. आज एका सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगतो. गोष्टीचे नायक तोंग दीझोउ. चीनमधील कित्येक पिढ्यांना हे नाव शालेय पाठातून ठाऊक आहे. चीनबाहेर मात्र ते शोधू गेल्यास हाती लागत नाही, कारण जुन्या इंग्रजी निबंधांवर त्यांची सही ‘टी. सी. तुंग’ अशी असे. ही दोन नावे एकाच माणसाची आहेत, हे प्रथम कळले तेव्हा मला त्यांच्याविषयी खरे कुतूहल वाटू लागले.

जन्म 1902, निंगबोजवळच्या एका खेड्यात. 1930 साली ते ब्रुसेल्सला शिकायला गेले आणि 1934 साली डॉक्टरेट मिळवून परतले. चिनी पाठ्यपुस्तकातली गोष्ट तिथलीच आहे: बेडकाच्या अंड्यावरचे पातळ आवरण अंडे न फुटता सोलून काढणे कोणालाच नीट जमत नव्हते. तोंग यांनी आधी सुईने आवरणाला बारीक छिद्र पाडले, आतला ताण ओसरू दिला आणि मग ते अलगद सोलले. गोष्टीवर देशाभिमानाचा मुलामा चढला आहे हे खरे. पण युक्ती अस्सल आहे, आणि पुढचे सारे आयुष्य त्याच हातांवर उभे राहिले.

जपानी आक्रमणाच्या काळात विद्यापीठे पश्चिमेकडे हलली. तोंग आणि त्यांच्या पत्नी, जीवशास्त्रज्ञ ये युफन, सिच्वान प्रांतातल्या लीझ्वांग या गावी पोहोचले. तिथे वीज नव्हती आणि उपकरणेही नव्हती. गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना एक जर्मन सूक्ष्मदर्शक दिसला. किंमत दोघांच्या मिळून सुमारे दोन वर्षांच्या पगाराइतकी! नातलगांकडून उसनवारी करून त्यांनी तो घेतला आणि ते कर्ज पुढे अनेक वर्षे फेडत राहिले. दिवसाच्या उजेडात, सोनमाशांच्या अंड्यांवर काम चाले. 1943 साली केंब्रिजचे जोसेफ नीडहॅम तिथे आले, तेव्हा त्यांनी हे कामही पाहिले. त्या प्रयोगांचा एक निबंध 1945 साली लंडनला छापून आला. राजधानीतले ठराव आपण तारखांसह पाठ करतो. उसन्या पैशांचा तो सूक्ष्मदर्शक माझ्या लेखी त्याच युद्धाचा दस्तऐवज आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. सजीवाची घडण कोण ठरवते? पेशीचे केंद्रक, की त्याभोवतीचे पेशीद्रव्य? हा प्रश्न तेव्हा केवळ प्रयोगशाळेचा राहिला नव्हता. सोव्हिएत रशियात लिसेंकोने जनुकांची कल्पनाच नाकारली होती. परिस्थिती बदलून गव्हासारख्या पिकांची आनुवंशिकता हवी तशी वळवता येते, असा त्याचा दावा होता. चीननेही ते मत उचलले आणि जनुकशास्त्रज्ञांची तोंडे बंद झाली. ऑगस्ट 1956 मध्ये चिंगदाओ येथे दोन्ही पक्षांची खुली परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी तोंग होते. पेशीद्रव्याला महत्त्व देणारा शास्त्रज्ञ त्या वातावरणात सत्तेला सोयीचा होता, असा आक्षेप घेता येईल. मला तो पुरता पटत नाही, कारण उत्तर त्यांनी सभेत न देता माशांकडे मागितले.

अमेरिकेत ब्रिग्ज आणि किंग यांनी 1952 साली बेडकाच्या अंड्यात परके केंद्रक बसवून दाखवले होते. माशाचे अंडे मोहरीएवढे आणि अतिशय नाजूक. त्यातले केंद्रक काढून टाकायचे. भ्रूणातली एक पेशी बारीक काचनळीत अशी ओढायची की तिचे आवरण फाटेल पण केंद्रक शाबूत राहील. आणि ते केंद्रक रिकाम्या अंड्यात सोडायचे. तोंग व त्यांच्या सहकाऱ्यांना हे साधले. 1963 साली तो निबंध चिनी भाषेत, चिनी नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

दुसऱ्याच वर्षी, 1964 साली, दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश पोषक द्रावणात वाढवले आणि परागकणांपासून थेट भ्रूण मिळवले. फलनाविना! तो निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि वनस्पतींच्या पैदाशीत जगभर त्या तंत्राचा वापर सुरू झाला. चिनी मासे मात्र भाषेच्या भिंतीआड राहिले. आज समाजमाध्यमांवर ‘डॉलीच्या आधी चीनने क्लोन बनवला’ असे जे फिरते, ते अर्धे खरे आहे. केंद्रक भ्रूणपेशीचे होते. डॉलीच्या बाबतीत ते प्रौढ मेंढीच्या पेशीचे होते. शिवाय बेडूक दोहोंच्या आधीचा.

सांस्कृतिक क्रांतीत तोंग यांच्या वाट्याला अपमान आणि झाडलोट आली. त्यातून परतल्यावर त्यांनी न्यू मान-च्यांग यांच्यासह केलेल्या प्रयोगाने मोठी प्रसिद्धी मिळवली: दुसऱ्या माशाचे आरएनए टोचल्यावर सोनमाशाची दुहेरी शेपटी काही पिल्लांत एकेरी झाली. त्या माशांची चित्रे निघाली, त्यांवर कविता झाल्या. त्या निष्कर्षांवर पुढे शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या, आणि त्या रास्त होत्या असे मला वाटते.

टिकले ते दुसरे काम. कार्प माशाचे केंद्रक त्यांनी क्रूशन कार्प या त्याच्या चुलतभावाच्या अंड्यात बसवले. जो मासा वाढला त्याला कार्पसारख्या मिशा होत्या, मणक्यांची संख्या मात्र क्रूशनसारखी. मार्च 1979 मध्ये हांगझोउ येथे व्याख्यान देताना तोंग कोसळले आणि 30 मार्चला त्यांचे निधन झाले. त्या माशावरचा निबंध पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाला. या वेळी इंग्रजीत.