घाटावरून यायचा तो गारवा

मे महिन्यातही पहाटे चादर लागायची, हे आता घरातल्या मुलांना सांगितलं तर ती नुसती हसतात. पण तुम्ही तेव्हाचे, तुम्हाला काय सांगायचं. चिंचवडगावात गच्चीवर ओळीनं गाद्या पडायच्या, आजी माठात वाळ्याची जुडी सोडायची, संध्याकाळी अंगणात सडा पडला की तापल्या मातीचा वास जेवणापर्यंत नाकात राहायचा, आणि मग रात्री केव्हातरी, भोंगा होऊन तिसरी पाळी कामाला लागली की, पवनेच्या घाटावरून गारवा वर यायचा. पान हलायचं नाही. आधी तळपायांना कळायचं, मग मानेला, आणि पहाटे हात झोपेतच उशाशी घडी करून ठेवलेली चादर शोधायचे.

त्या गारव्याला वास होता. काठच्या करंजाखाली गळून पडलेल्या फिक्या जांभळ्या फुलांचा, पिकून फुटलेल्या उंबरांचा, दिवसभर धुणी आपटून ओल्या राहिलेल्या दगडांचा. आणि पलीकडे थेरगावच्या शेतांना रात्रीचं पाणी दिलेलं असलं, तर भिजल्या वाफ्यांचा वास नदी ओलांडून आमच्या गच्चीवर यायचा. बाबा टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते. दुसरी पाळी संपवून सायकलवरून येताना गावाच्या उताराला लागलं की अंगावरचा घाम आपोआप सुकतो, असं ते म्हणायचे. साठच्या दशकात कारखाना आला तेव्हा तिकडे नुसता माळ होता. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांनी आवारात यंत्रांइतक्याच मायेनं झाडं लावून घेतली, तळं केलं, आणि त्या सुमंत सरोवरावर पुढे हिवाळी पाखरं उतरू लागली. बाबांच्या डब्याच्या पिशवीत कधीकधी बुचाची फुलं निघायची. आई ती वाटीभर पाण्यात ठेवायची.

१९७२ साली नवनगर वसवायला प्राधिकरण आलं, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली. घरातला पहिला पंखा, पहिली स्कूटर याच कारखान्यांच्या पगारातून आली, हे मी विसरलेली नाही. पण थेरगाव, वाकड, रहाटणीची शेतं एकेक करून सोसायट्यांखाली गेली, ओढे पाइपात गेले, पाणी पिणारी माती फरशीखाली गेली. माती आणि झाडं पोटातलं पाणी हळूहळू हवेत सोडत, त्यानंच तर रात्र निवायची. आता दिवसभराचं ऊन भिंतींत आणि डांबरात मुरतं आणि अंधार पडला की तेच आपल्या उशाशी येऊन बसतं. चाकणकडेही तेच झालं. मावशीकडे म्हाळुंग्याला जाताना चाकणच्या बाजारातला कांद्याचा झणका एसटीत शिरायचा, आणि पुढे माळावर नुसतं गवत आणि वर चंडोल. मावशीच्या विहिरीवर आता पत्र्याची शेड आहे.

पूरसुद्धा वेगळा होता हो. पवना चढली की मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पाणी शिरायचं, तसं ते अजूनही शिरतं. बायका ओटी घेऊन पायरीशी जायच्या, पाणी काठावर ऐसपैस पसरायचं, ओसरायचं, आणि मागे राहिलेल्या मऊ गाळात मळेकरी भाजी लावायचे. जुलै २०२४ मध्ये पाणी चढलं तेव्हा पसरायला त्याला काठच उरला नव्हता; तो गाळ लोक पार्किंगमधून फावड्यानं ओढत होते.

नकाशावर नदीच्या दोन रेघा असतात: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत, चिखलीला इंद्रायणीकाठी बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये हरित लवादाच्या आदेशावरून पाडले गेले. नदीची जागा नदीला मिळाली, ते योग्यच झालं. तरी आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेली घरं होती ती, आणि तिथं भिंती चढत होत्या तेव्हाच कुणी अडवलं असतं तर, हा सल मला अजून आहे. पुढच्याच महिन्यात महापालिकेनं २०० कोटींचे हरित रोखे काढले. त्या पैशातून निगडी प्राधिकरणात ‘हरित सेतू’ होतो आहे, चालण्याच्या आणि सायकलच्या सावलीच्या वाटा. व्हाव्यातच. नातवंडांच्या डोक्यावर सावली हवीच. पण आपला तो गारवा एखाद्या वाटेपुरता नव्हता. त्याला भिजली शेतं लागायची, उघडे ओढे लागायचे, उंबराच्या मुळांनी धरून ठेवलेला अख्खा काठ लागायचा.

पिंपळे निलखला मुळेच्या काठी असा थोडा काठ उरला आहे. नदीसुधाराच्या कामात तिथली जुनी झाडं जाऊ नयेत म्हणून लोक उभे राहिले, तेव्हा मीही गेले होते. करंज फुलला होता. शेजारच्या एका मुलीनं विचारलं, ‘काकू, तुमच्या चिंचवडला होती का हो अशी झाडं?’ होती, म्हटलं. मोरयाच्या घाटापासून थेट केजुदेवीच्या बंधाऱ्यापर्यंत, दोन्ही अंगांना.