कमी गोळ्यांचं देणं

आमच्या घरावर मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंचं ऋण आहे. लोक डॉक्टरांना औषध दिल्याबद्दल दुवा देतात. आम्ही या बाईंना देतो तो औषध काढून घेतल्याबद्दल.

आमच्या अण्णांना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. उजवा हात सावरला, बोलणंही सुधारलं आणि वर्षाच्या आत वेगळंच सुरू झालं. जेवता जेवता नजर भिंतीवर खिळायची, ओठ नुसतेच हलत राहायचे, डावा हात धोतराचा सोगा चुरगाळायचा. मिनिटभरात हे थांबायचं, पण आपण कुठे आहोत हे उमगायला दुपार उलटायची. भावकीने म्हातारचळ ठरवून टाकला. मग एका पहाटे हातपाय झाडत मोठी फिट आली. शेजाऱ्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला.

जवळच्या दवाखान्यात फेनिटॉइन सुरू झालं, १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. पुन्हा फिट आली, तिनाच्या चार झाल्या. फिट थांबल्या, पण अण्णाही जागीच थांबले. दिवसभर पेंग, जीभ जड, उठले की झोकांड्या. "आता वय झालं," जो येई तो सांगून जाई.

शेवटी आम्ही त्यांना मिरजेला नेलं. बाईंनी फाईल उघडण्याआधी विचारलं, "घरातली सगळी औषधं आणलीत का?" आईने पिशवी टेबलावर रिकामी केली. एकेक पाकीट वाचून त्यांनी बाजूला ठेवलं. मग पेन अण्णांच्या डोळ्यांपुढे आडवं फिरवलं. "आजोबा, मान हलवू नका, नुसतं बघा." पेन कडेला गेलं तशी बुबुळं थरथरली. पावलापुढे पाऊल जोडून चालायला सांगितलं, तर दुसऱ्याच पावलाला मला धरावं लागलं.

"हे वय नाही, ही गोळी आहे," बाई म्हणाल्या. फेनिटॉइन पचवायची यकृताची ताकद एका हद्दीपर्यंतच असते. ती ओलांडली की एका जादा गोळीनेही रक्तातली पातळी भलतीच उसळते. त्यात म्हातारपणी औषधाला धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, कमी असेल, तर मोकळं फिरणारं औषध आणखी वाढतं. रक्ताच्या रिपोर्टने त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं.

मूत्रपिंडाची तपासणी पाहून त्यांनी लेव्हेटिरासिटॅम लिहून दिलं, कारण ते लघवीवाटे बाहेर पडतं. सुरुवात २५० मिलिग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ. फेनिटॉइन टप्प्याटप्प्याने उतरवलं. कोणतीही फिटची गोळी एकदम बंद करायची नाही, हे त्यांनी आमच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"एवढ्याशा गोळीने भागेल?" मी विचारलं. त्यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेली एक अमेरिकन चाचणी सांगितली. साठीपुढच्या ५९३ रुग्णांना तीन वेगवेगळी औषधं दिली होती. फिट रोखण्यात तिन्ही साधारण सारखीच निघाली, पण कार्बामाझेपिन त्रासापायी सोडणारे जास्त होते. लॅमोट्रिजिन आणि गॅबापेंटिन लोकांना अधिक सोसलं. "म्हाताऱ्या माणसाची फिट बहुतेकदा थोडक्या औषधानेही आवरते. त्याला पेलवेल असं औषध निवडणं, हे आमचं खरं काम."

नव्या गोळीने चिडचिड होऊ शकते, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. ती झाली. चहात साखर कमी पडली म्हणून अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, "चिडू देत. चालतात तरी!" पुढे चिडही ओसरली. काठी टेकत का होईना, ते एकटे पारावर जाऊन बसू लागले आणि ग्रामपंचायतीचा कारभार चालवू लागले.

अण्णा जाऊन आता बराच काळ लोटला. बाईंनी तपासणीच्या फीपलीकडे आमचं काही घेतलं नाही. दिवाळीचा फराळ तेवढा ठेवून घेत. गावात कुणाचा म्हातारा एकाएकी झोकांड्या खाऊ लागला, की मी आधी घरातल्या गोळ्यांची पिशवी मागून घेतो आणि त्या पिशवीसकट त्याला मिरजेच्या गाडीत बसवून देतो.