मागून ढकललेलं चालतं

अमेरिकेत येऊन एकोणीस वर्षं झाली, तरी इथला फुटबॉल काही माझ्या डोक्यात शिरला नव्हता. जो खेळ पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात त्याला फुटबॉल का म्हणायचं, इथपासून माझी तयारी! पण फिलाडेल्फियाजवळ राहायचं आणि घरात सतरा वर्षांचा मुलगा, म्हणजे रविवारी ईगल्सची मॅच चुकत नाही. मी आपली मेथी निवडत तिथे बसते.

त्या रविवारी मात्र घरात अबोला होता. आणि कारण मीच होते.

झालं असं, की लेकानं कॉलेजच्या अर्जासाठी निबंध लिहिला होता, त्याच्या आजोबांवर, म्हणजे माझ्या बाबांवर. "जरा वाच ना" म्हणून माझ्याकडे दिला. मी रात्री 'जरा' सुधारायला बसले. आधी स्वल्पविराम, मग शब्द, मग एकेक परिच्छेद. दीड वाजता निबंध झकास झाला, फक्त त्याचा राहिला नाही. त्यानं लिहिलं होतं, की आजोबांशी फोनवर काय बोलायचं ते त्याला सुचायचं नाही, आणि ते गेले तेव्हा रडू आलं नाही याची लाज वाटली. ते मी काढून टाकलं. त्या जागी बाबांनी सांगितलेल्या गोष्टी घातल्या. त्या गोष्टी मी ऐकल्या होत्या, त्यानं नाही.

सकाळी त्यानं वाचलं. "हा मी नाहीये, आई," एवढंच म्हणाला आणि खोलीत गेला.

मॅचला मात्र खाली आला. ईगल्सना एकच यार्ड हवं होतं. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सनं बॉल घेतला, पुढे मुसंडी मारली आणि मागच्या दोघांनी त्याला चक्क ढकललं. मी न राहवून विचारलं, "अरे, हे चालतं?"

खेळाबद्दल विचारलं की हा अबोला विसरतो. मग मला पूर्ण कीर्तन ऐकायला मिळालं. बॉल घेऊन पळणाऱ्याला मागून ढकललं तर चालतं, पण त्याला धरून ओढलं तर दहा यार्डांची शिक्षा. पूर्वी ढकलायलाही बंदी होती. २००५ च्या ऑक्टोबरात नोत्र दामविरुद्धच्या कॉलेजच्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत रेजी बुशनं मॅट लायनार्टला ढकलून रेषेपार नेलं आणि यूएससीनं ३४-३१ असा सामना जिंकला. तेव्हाच्या नियमानं तो गुन्हा होता, पण पंचांनी काही दिला नाही. हरलेल्या संघाचे प्रशिक्षक चार्ली वाइस म्हणाले, की माझ्या खेळाडूनंही हेच करावं असं मला वाटलं असतं. पुढे २०१३ मध्ये कॉलेजच्या नियमांतून ढकलण्यावरची बंदी गेली. एनएफएलनं ती त्याआधीच काढली होती. ढिगाऱ्यात कोण ढकलतंय आणि कोण नुसता आदळलाय, हे पंचांना कळणार कसं? २०२५ च्या मे महिन्यात ईगल्सची ही युक्तीच बंद करायचा प्रस्ताव आला. ३२ संघांपैकी २४ मतं हवी होती, २२ पडली. दोन मतांनी वाचली!

"पण मग ओढायला का बंदी?" मी विचारलं.

"ओढणारा पुढे असतो ना, आई. मग कुठे जायचं ते तोच ठरवतो."

हे नियमाच्या पुस्तकातलं कारण आहे की त्याचं स्वतःचं, देव जाणे. तो टीव्हीकडेच बघत होता. माझ्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली.

खरं सांगते, मंडळी, तेव्हाही माझ्या मनात लगेच वकिली सुरू झाली. मी फक्त मदत करत होते, इथली सगळीच आईबापं करतात, कोण बघतंय? पण 'पंचांना दिसत नाही' म्हणून ढकलणं माफ झालं, ओढणं नाही. आणि इथे ज्याला ओढलं होतं, त्याला तर स्वच्छ दिसलं होतं. वर मी ओढलं होतं ते माझ्या बाबांकडे, माझ्या रडण्याकडे.

हाफटाइमला मी विचारलं, "तुझा आधीचा निबंध आहे का रे?"

"आहे."

"त्यात एक कळलं नाही मला. रडू आलं नाही, मग काय झालं होतं त्या दिवशी?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी त्यांचा नंबर फोनमधून काढला नाही. अजून आहे."

मला ते ठाऊकच नव्हतं. मेथी बाजूला ठेवून मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडला.

असो. त्या रात्री त्याच्या खोलीत उशिरापर्यंत दिवा होता. निबंध गेला वेळेवर. मी अजून वाचलेला नाही. दाखवेल तेव्हा वाचीन. (आणि हो, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही!)