सदर ते मुंबई : पावणेदोन तास की सहा?

जबलपूरचा सदर म्हणजे छावणीचा बाजार. इथून डुमना विमानतळ पंधरा-वीस किलोमीटर. वाट झाडीतून, चितळ आडवे आले तर थांबायचे! तिथून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ८७० किलोमीटर, म्हणजे साधारण पावणेदोन तास. रेल्वेने इटारसीमार्गे हेच अंतर ९९० च्या घरात, प्रवास पंधरा-सोळा तासांचा. मात्र घरून लवकर निघणे, तपासणी, सामान आणि मुंबईतली वाहतूक धरली, की विमानाचेही पाच-सहा तास होतात. थेट विमान नसेल त्या दिवशी दिल्लीचा वळसा. म्हणून मुंबईहून आईच्या आजारपणाचा निरोप आला, की सदरमधली लेक आधी थेट विमान आहे का ते विचारते. नसेल तर संध्याकाळची गाडी धरते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दादर येते.