नवी एकांकिका पाहताना

श्रावणातल्या सरी चुकवीत पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जाऊन बसणे, हा आमचा पुष्कळ वर्षांचा नेम आहे. 'महाराष्ट्रीय कलोपासक' या संस्थेने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेची प्राथमिक फेरी याच सुमारास चालते. भिंतीशी टेकविलेल्या ओल्या छत्र्या, रंग अजून पुरता वाळला नाही अशा चौकटी उचलून आत नेणारी मुले, ऐन वेळी हरवलेला कंदील शोधीत धावणारा कोणी बापडा, आणि 'अरे, आवाज कुणाचा!' ही छप्पर हलविणारी आरोळी. एवढी सामग्री जमली, की आम्हांस आपले पन्नाशी उलटलेले वय विसरावयास फारसे प्रयास पडत नाहीत.

आमच्या एका स्नेह्यांस हा नेम मुळीच पसंत नाही. ते स्वतः मोठे नाट्यरसिक आहेत, आणि म्हणूनच त्यांचा राग अधिक. "अहो, जन्मभर शेक्सपिअर शिकविलात, आणि आता या मुलांचे पोरखेळ पाहावयास जाता? तिकिटाचे पैसे राहोत, वेळेची तरी किंमत धरा!" असे ते आम्हांस दर वर्षी न चुकता ऐकवितात. आम्ही हसून वेळ मारून नेतो. वास्तविक त्यांच्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर आहे. पण ते द्यावयाचे म्हणजे स्वतःची एक जुनी चूक उघडी करावी लागते, म्हणून आजवर टाळीत आलो. आज ती वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

एकांकिका म्हणजे मोठे नाटक लिहिण्यापूर्वीची उमेदवारी, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. तीस थोडासा आधार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नाट्यगृहांतून मुख्य नाटकाच्या आधी एखादे नाटुकले करीत असत. सावकाश भोजन आटोपून येणारी बडी मंडळी स्थानापन्न होईपर्यंत, स्वस्त जागांवर लवकर येऊन बसलेल्यांची करमणूक व्हावी, एवढेच त्याचे प्रयोजन. आपल्याकडेही विजय तेंडुलकर, सतीश आळेकर यांच्यासारख्यांनी आरंभीच्या काळात एकांकिका लिहिल्या, त्यामुळे ती केवळ जिन्याची पहिली पायरी आहे असा ग्रह होणे साहजिक आहे.

परंतु आपली परंपरा निराळेच सांगते. भरतमुनींच्या दशरूपकांत व्यायोग, भाण, वीथी आणि अंक हे एकाच अंकाचे प्रकार नाटक-प्रकरणांच्या पंक्तीस मानाने बसलेले आहेत. टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलेल्या, आणि भासाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या तेरा नाटकांत 'कर्णभार' आहे, 'ऊरुभंग' आहे, 'दूतवाक्य' आहे. 'कर्णभारा'त घडते तरी काय? कर्ण युद्धास निघाला आहे. का कोण जाणे, आज त्याचे मन जड झाले आहे. ब्राह्मणाच्या वेषाने इंद्र येतो, कर्ण त्यास कवचकुंडले काढून देतो, आणि अर्जुनाच्या रोखाने रथ हाकावयास शल्यास सांगतो. नाटक येथेच संपते. युद्ध दाखविले नाही, कर्णाचा मृत्यूही दाखविला नाही. तरीही पाहणाऱ्यास कळून चुकते की, जे व्हावयाचे ते होऊन गेले. मोठ्या नाटकात माणूस कसा घडला आणि कसा मोडला हे सांगावयास अवसर असतो. एकांकिकेस तेवढी सवड नाही. तिने एक क्षण उचलावा, आणि त्या क्षणात त्या माणसाचे सारे आयुष्य आपणांस दिसावे. आपल्या दिवाकरांनी ब्राउनिंगच्या स्वगतांवरून स्फूर्ती घेऊन नाट्यछटा लिहिल्या, त्या तर पानदोन पानांच्या. लांबी कमी म्हणून त्यांतील वेदना काही कमी झाली नाही.

हे सर्व आम्हांस पंचवीस वर्षांपूर्वीही ठाऊक होते. किंबहुना आम्ही ते वर्गात मोठ्या आवेशाने सांगत असू. पण ठाऊक असणे आणि समोर आलेले ओळखणे, यांत किती अंतर असते ते पुढील हकीकतीवरून कळेल.

त्या काळी मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेला, दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी स्वतः लिहिलेली एकांकिका घेऊन आमच्याकडे आला. फुलस्केप कागदांवर, ओळी सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलेली. प्रसंग एवढाच होता: रात्रीचे एस. टी. स्थानक. बाप लेकास शहरातल्या महाविद्यालयात पोहोचवून गावी परत निघाला आहे. शेवटची गाडी यावयाची आहे. बाप एकच प्रश्न तीनदा विचारतो, "खानावळीचं भरलंस ना?" मुलगा तीनदा होय म्हणतो. मग बाप फडक्याची गाठ सोडून भाकरी काढतो आणि मुलापुढे करतो. 'मला भूक नाही, तू खा,' असे बाप म्हणतो. 'मी खानावळीत जेवलो,' असे मुलगा म्हणतो. दोघेही खोटे बोलत आहेत, हे प्रेक्षकांस ठाऊक असते. गाडी येते, बाप घाईने चढतो, मुलगा हात हलवीत मागे धावतो, आणि रिकाम्या बाकावर ती भाकरी तशीच राहते. पडदा.

आम्ही तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या पानावर लिहिले: 'संघर्ष कोठे आहे?' चौथ्यावर: 'उत्कर्षबिंदू नाही.' आणि भाकरीच्या प्रसंगाच्या कडेला उभी रेघ ओढून, आज आठवले तरी मान खाली जाते, आम्ही लिहिले: 'पाल्हाळ. गाळावा.' मुलगा आज्ञाधारक होता. त्याने आठवड्याभरात नवी संहिता आणली. आता तीत बापाने जमीन विकली होती, मुलगा वाईट संगतीस लागला होता, बाकावर बसून दोघांचे कडाक्याचे भांडण होत होते, आणि शेवटी बाप त्याच्या श्रीमुखात भडकावून हंबरडा फोडीत होता. प्रयोगास टाळ्या पडल्या. बापाचे काम करणाऱ्या मुलास उत्तेजनार्थ पारितोषिकही मिळाले. आम्ही शिल्पकाराच्या ऐटीत मिरविलो.

त्यानंतर त्या विद्यार्थ्याने आम्हांस काही लिहून दाखविले नाही. आम्हीही विचारले नाही.

काही वर्षांमागे तो नाट्यगृहाच्या आवारात अवचित भेटला. बँकेत नोकरीस होता, कानशिलांवर केस पिकू लागले होते. आम्ही सहज विचारले, "लिहिता का हो काही?" तो म्हणाला, "नाही सर, ते तेव्हाच सुटलं." आणि मग, जणू एखादी गंमत सांगावी तसे हसत त्याने सांगितले, "वडिलांना गावाहून आणलं होतं सर, नाटक बघायला. सगळा वेळ गप्प बसले. परत जाताना एवढंच म्हणाले, 'मी असा कधी वरडलो रं तुझ्यावर?'"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता; असता तर आम्हांस काही उत्तर तरी सुचले असते.

त्या रात्री घरी येऊन आम्ही कपाटातून सिंगचे पुस्तक काढले. जॉन मिलिंग्टन सिंग या आयरिश नाटककाराची 'रायडर्स टु द सी' ही १९०४ साली रंगभूमीवर आलेली एकांकिका आम्ही कितीदा शिकविली आहे! आयर्लंडच्या पश्चिमेस असलेल्या ॲरन बेटांवर जाऊन राहून, तेथील कोळ्यांची बोली कानांत साठवून त्याने ती लिहिली. शेवटचा मुलगा समुद्राकडे निघतो. आई त्यास आशीर्वाद देत नाही, आणि घाईत बहिणी त्याच्याबरोबर भाकरीचा तुकडा द्यावयास विसरतात. तो तुकडा घेऊन म्हातारी वाटेवर जाते आणि परत येते, तेव्हा तुकडा तिच्या हातात तसाच असतो. त्या हाताकडे बोट दाखवून आम्ही वर्गावर वर्ग थांबविले आहेत. 'पाहा, न दिलेल्या भाकरीत येथे सारा शोक साठला आहे,' असे आमचे ठरलेले वाक्य. आयर्लंडातली भाकरी आम्हांस दिसली. मराठवाड्यातली भाकरी आमच्या टेबलावर, आमच्या पेन्सिलीखाली होती, ती दिसली नाही. पहिलीवर जगाची मोहर उमटलेली होती. दुसरी लिहिणारा एकोणीस वर्षांचा होता आणि 'येऊ का सर?' असे विचारून दारात उभा होता.

नव्या लेखनाची खरी अडचण येथेच आहे. जुन्या कृतीपुढे आपण विद्यार्थी होऊन बसतो, आणि नव्या कृतीपुढे परीक्षक होऊन. ही खोड आजची नव्हे. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत पारिपार्श्वक सूत्रधारास हेच विचारतो: भास, सौमिल्लक यांसारखे नावाजलेले कवी सोडून हल्लीच्या कोणा कालिदासाचे नाटक कशास करावयाचे? सूत्रधार त्यास सांगतो की, काव्याची पारख त्याच्या वयावरून होत नाही. ज्यास स्वतःची दृष्टी नाही तो दुसऱ्याच्या मतावर विसंबतो. आज कालिदासाचे नाव सांगून नव्या मुलांस गप्प बसविणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की एके दिवशी कालिदासही नवखाच होता, आणि त्याच्या बाजूने बोलावयास एक सूत्रधार लागला होता.

याचा अर्थ नव्यांची सरसकट वाखाणणी करावी, असा मात्र नाही. २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकाही एकांकिकेस करंडक दिला नाही. त्यावरून पुष्कळ वाद माजला. परीक्षकांचा तो अधिकार आम्ही मान्य करतो. खोटी शाबासकी हाही तुच्छतेचाच एक सौम्य प्रकार आहे. परंतु करंडकाच्या योग्यतेचे काय आहे, हा एक प्रश्न, आणि या कृतीत जिवंत काय आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निकालपत्रात मिळते. दुसऱ्याचे उत्तर कोणी तरी त्या लिहिणाऱ्यास तोंडाने सांगावे लागते. ते न सांगितले तर दोषांबरोबर तो नेमके तेच फेकून देतो, जे केवळ त्याचे स्वतःचे होते.

म्हणून हल्ली आम्ही एकांकिका पाहताना एकच गोष्ट शोधतो. या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असे यात काय आहे? बाकीचे बहुधा उसने असते. मोठमोठे प्रकाशझोत, प्रेक्षकांकडे तोंड करून केलेली भाषणे, शेवटचा धक्का. हे सारे गेल्या वर्षी ज्यांना बक्षीस मिळाले त्यांच्याकडून आलेले असते. पण या गर्दीत कोठे तरी एखादा प्रसंग असा निघतो, की तो दुसऱ्या कोणास लिहिताच आला नसता.

अशाच एका श्रावणात आमच्याच महाविद्यालयातील एका मुलीची एकांकिका पाहिली. रेशनचे दुकान, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आणि रांगेत उभी असलेली आजी. यंत्र तिचा ठसा ओळखीत नाही, कारण आयुष्यभर कामे करून बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या आहेत. दुकानदार सांगतो, "अंगठा पुसून पुन्हा लावा." आजी पदराने अंगठा पुसते, लावते, पुन्हा पुसते, आणि मग लावावयाचे सोडून आपल्या अंगठ्याकडे, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे, अशी पाहत राहते. सभागृह एकदम शांत झाले. मात्र त्यानंतर नात पुढे येऊन व्यवस्थेवर लांबलचक व्याख्यान देते, आणि नाटक त्या ओझ्याखाली बसते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आमच्या खोलीत आली. पेन्सिल आम्ही खणात ठेवली होती. प्रथम अंगठ्याच्या प्रसंगाविषयी बोललो. "हे कोठून सुचले?" असे विचारले.

"सुचलं नाही सर. माझीच आजी आहे ती. चाळीस वर्षं लोकांची भांडी घासली तिनं."

"तिने नाटक पाहिले?"

"नाही अजून."

"मग शेवटचे भाषण तिला वाचून दाखव. ती काय म्हणते ते ऐक, आणि मग तुला वाटेल ते कर."

ती क्षणभर विचारात पडली आणि खुदकन हसली. म्हणाली, "ती म्हणेल, अगं, एवढं बोलत बसलीस तर दुकान बंद होईल ना!"

ती एकांकिका अंतिम फेरीत गेली नाही. पण महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ती पुन्हा करावयाची, असे मुलांनी ठरविले आहे, आणि त्या दिवशी आजीस पहिल्या रांगेत बसवावयाचे आहे. शेवट बदलला की नाही, हे आम्ही मुद्दामच विचारलेले नाही. आमच्या स्नेह्यांसाठी मात्र आजींच्या शेजारची खुर्ची आताच राखून ठेवली आहे.