नळीतले शेपूट

अपस्मार असलेल्या मुलासाठी तयार केलेल्या कुत्र्याकडून दोन कामांची अपेक्षा असते. फिट आल्यावर मदत करणे हे एक आणि फिट येण्याआधी सूचना देणे हे दुसरे. पहिले काम शिकवता येते. कुत्रा मुलाला चिकटून बसतो, भुंकून घरच्यांना बोलावतो, पंजाने बटण दाबून घंटा वाजवतो. काही मुलांच्या छातीत मानेतल्या व्हेगस नसेला विजेचे हलके झटके देणारे उपकरण बसवलेले असते. अशा वेळी कुत्र्याच्या गळपट्ट्याला लोहचुंबक लावतात. तो मुलाच्या छातीशी अंग घासतो आणि उपकरण एक जादा झटका सोडते. फिट पाच मिनिटांहून लांबली की मेंदूला आणि जिवाला धोका वाढत जातो. आईला मध्यरात्री जागे करणाऱ्या भुंकण्याची किंमत त्या पाच मिनिटांत आहे.

दुसरे काम मात्र शिकवण्याच्या पलीकडचे वाटते. कॅनडातील कॅलगरीच्या डॉक्टरांनी अपस्माराच्या मुलांच्या घरांतील पाळीव कुत्र्यांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. हे कुत्रे साधे, घरगुती होते. तरीही त्यांतले काही फिटच्या आधीच वेगळे वागत. तोल जाऊन कोसळण्याचा झटका यायच्या आधी एक कुत्रा लहान मुलीच्या अंगावर बसून राही आणि तिला उभेच राहू देत नसे. त्याला हे कोणी शिकवले नव्हते.

कुत्र्याच्या शिकण्याविषयी मराठीने आपले मत केव्हाच देऊन ठेवले आहे: कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. म्हण वापरली जाते ती माणसांसाठी, सुटलेल्या सवयीकडे परत वळणाऱ्यांसाठी. पण तिच्यात एक गृहीत आहे. नळीचा सरळपणा चांगला आणि शेपटाचा मूळ बाक वाईट, असे ती धरून चालते. त्या मुलीच्या अंगावर बसणाऱ्या कुत्र्यापुढे हे गृहीत डळमळते. तिथे हवा होता तो बाकच. शिवाय शेपूट हा कुत्र्याच्या बोलण्याचा अवयव आहे. इटलीतील संशोधकांना २००७ मध्ये असे आढळले, की मालक दिसला की कुत्र्याचे शेपूट उजवीकडे जास्त हलते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. नळीत घातलेल्या शेपटाला यातले काहीच सांगता येणार नाही. घरातल्या कुत्र्याची सूचनाही बहुधा अशीच येते. तो घुटमळतो, कुरकुरतो, एकटक बघत राहतो, पायात पायात येतो. फार शिस्त लावलेल्या कुत्र्याला ही घुटमळ बेशिस्त म्हणून सोडायला लावली, तर काय गमावले हे कोणाला कळणारही नाही.

म्हण इथे संपायला हवी, पण तिला दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमधील शेफील्डच्या व्हॅल स्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लिहिले, की हा उपजत बाकसुद्धा वळवता येतो. त्यांनी तयार केलेले कुत्रे फिटच्या १५ ते ४५ मिनिटे आधी स्पष्ट खूण देऊ लागले. फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पाच प्रशिक्षित कुत्र्यांपुढे वासाचे नमुने ठेवले. तिघांनी फिटच्या वेळचा नमुना प्रत्येक वेळी ओळखला, उरलेल्या दोघांनी तीनपैकी दोनदा. म्हणजे फिटला वास आहे. पण फिट चालू असतानाचा वास ओळखणे वेगळे आणि ती येण्याआधी सांगणे वेगळे. अमेरिकेत २००७ मध्ये असेही नोंदवले गेले, की सूचना देणारे कुत्रे बाळगणाऱ्या काही रुग्णांच्या झटक्यांच्या वेळी मेंदूच्या आलेखात अपस्मार दिसलाच नाही. ते झटके मानसिक ताणातून येत होते. त्या कुत्र्यांनी मग काय ओळखले होते? माणसाची अस्वस्थता ओळखली असेल, तर तेही थोडे नाही.

कुत्रा मिळवण्याची वाट लांब आहे. पुष्कळ संस्था मदतीचे शिक्षण देतात, सूचनेची हमी देत नाहीत. ओहायो राज्यातील झिनिया येथे १९९८ मध्ये स्थापन झालेली 'फोर पॉज फॉर अबिलिटी' ही संस्था अगदी लहान मुलांसाठीही कुत्रे तयार करते. एका कुत्र्याच्या तयारीला हजारो डॉलर लागतात आणि कुटुंबे त्यासाठी वर्गणी गोळा करतात. वासाचे शिक्षण द्यायचे तर मुलाचाच घाम लागतो, तोही फिटच्या वेळचा. एका हाताने मुलाला कुशीवर धरून दुसऱ्या हाताने त्याचे कपाळ टिपायचे आणि तो बोळा हवाबंद पिशवीत भरायचा, हे काम आईबापांच्या वाट्याला येते.

आणि कुत्र्याच्या वाट्याला काय येते? शेफील्डच्याच अभ्यासकांनी २००० मध्ये अपस्माराच्या घरांतील अप्रशिक्षित कुत्र्यांविषयी लिहिले. वारंवार फिट पाहून काही भेदरले, काही आजारी पडले, काही चवताळले. त्या उपजत बाकाची किंमत त्यांनी मोजली होती. त्यांच्यासाठी नळी कदाचित आधार ठरली असती, कारण घाबरलेल्या जिवाला अमुक वेळी अमुक करायचे हे ठाऊक असले तर धीर येतो. दुसरीकडे, बालपणीचे काही अपस्मार वयात येताना आपोआप थांबतात. तोवर कुत्राही म्हातारा झालेला असतो. एका मुलाच्या वासावर तयार झालेला तो प्राणी मग न येणाऱ्या फिटची वाट पाहत राहतो की सुटकेचा श्वास टाकतो, हे त्याला विचारता येत नाही.

पालकांपुढचा प्रश्न याहून रोजचा आहे. कुत्रा शांत झोपला आहे म्हणून रात्र निर्धोक मानावी का? मानली नाही, तर सूचना देणारा कुत्रा आणून काय साधले? मानली आणि तो एकदा चुकला, तर शिकवणे कमी पडले म्हणावे की उपजत जाणच मुळात कमी होती? शेपूट आणि नळी या दोहोंपैकी कोणावर भरवसा ठेवायचा, हे प्रत्येक घराला आपल्या कुत्र्यापुरते आणि रोज नव्याने ठरवावे लागते.