जुन्या मोटारीचा संसार

आमच्या पहूरच्या बसथांब्यावर माझ्या मोटारीविषयी दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, सरांनी ती भंगारात घालावी आणि सुखाने झोपावे. दुसरा म्हणतो, ती फार मोलाची वस्तू आहे. सरांनी तिला काचेच्या खोलीत ठेवावे आणि बघायला तिकीट लावावे. ती चालवावी असे म्हणणारा तिसराही पक्ष आहे, पण त्याचे सभासद दोनच. एक मी आणि दुसरे आमचे मिस्त्री. आमची सौ. तटस्थ आहे. मात्र धुवायला टाकलेल्या माझ्या सदऱ्यावर वंगणाचा डाग दिसला, की ही तटस्थता तेवढ्यापुरती संपुष्टात येते.

गाडी स्टँडर्ड हेरल्ड आहे; १९६७ सालची, दोन दारांची. मद्रासच्या कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या. मूळची ती इंग्लंडातली ट्रायम्फ हेरल्ड. तिकडे ती १९५९ साली आली, आणि तिचा घाट मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने घडवला. ह्याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स मोटार काढली. म्हणजे नात्याने पाहिले तर आमची गाडी एका स्पोर्ट्‌स मोटारीची थोरली बहीण! धाकटी १९६५ साली फ्रान्समध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावली आणि आपल्या वर्गात पहिली आली. थोरलीने पहूर ते जामनेर बियाण्यांची पोती वाहिली. घरोघरी थोरल्या बहिणींचे असेच होते.

वडिलांनी ती जुनीच विकत घेतली होती. पुढे त्यांची दृष्टी अधू झाली, तेव्हा गाडी कापसाच्या खोलीत गेली आणि अकरा वर्षे तिथेच राहिली. मी ती बाहेर काढली तेव्हा उंदरांनी तारांची आवरणे खाल्ली होती, तळाचा पत्रा पापडासारखा मोडत होता, आणि मागच्या सीटमध्ये एका मांजरीने बाळंतपणे उरकली होती. उंदीर आणि मांजर एकाच छपराखाली सुखाने नांदल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हेरल्डचा एक गुण मला फार आवडतो. तिचे बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटते. ९४८ घनसेंटिमीटरचे ते इंजिन मग असे उघडे पडते, की पुढच्या चाकावर बसून खुशाल काम करावे. हल्लीच्या गाडीचे झाकण उघडले तर आत आणखी एक झाकण दिसते. हेरल्डला लपवण्यासारखे काही नाही. काय दुखते ते ती आवाजाने, वासाने, नाहीतर जमिनीवर तेलाचे थेंब टाकून सांगते. ऐकणारा मात्र हवा.

तो ऐकणारा म्हणजे आमचे मिस्त्री. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. इंजिनाला ते पान्याची एक बाजू लावतात, दुसरी कानाला, आणि डोळे मिटून निदान सांगतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळतो, तेव्हा नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मध्येच बसकण मारते. अशा वेळी पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि लिंबाच्या सावलीला दहा मिनिटे गप्पा मारायच्या, हा त्यांचा उपचार. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत चालले, तेव्हा जुन्या रबरी नळ्या त्याला टिकणार नाहीत म्हणून त्यांनी त्या आधीच बदलून घेतल्या. पुढच्या चाकांच्या सांध्यात ट्रनियन नावाचा आट्यांचा एक तुकडा असतो. त्याला ग्रीस नव्हे, जाड तेलच लागते. ते वेळच्या वेळी मिळाले नाही तर सांधा झिजतो, आणि एखाद्या दिवशी चाक गाडीला रामराम ठोकते. “सर, बाकी काही विसरा, पण याला तेल पाजायला विसरू नका,” असे ते मला दर वेळी बजावतात.

परंतु अशा दुरुस्तीत एक पेच आहे. तळाचा पत्रा नवा, तारा नव्या, नळ्या नव्या, सीटही नवी. मग मूळची गाडी उरली किती? मराठीचा मास्तर असल्यामुळे मला लगेच पोथ्या आठवतात. शके १५०६, म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलांमधून शिरलेले अपपाठ त्यांनी काढले, ते ग्रंथ फडक्यात बांधून ठेवण्यासाठी नव्हे. लोकांनी तो वाचावा म्हणून. दुसरे उदाहरण आमच्या शेजारचेच आहे. पहूरवरून वाहणारी वाघूर नदी ज्या कड्यावरून येते, तिथेच अजिंठ्याची लेणी आहेत. तिथली चित्रे वाचवण्यासाठी निजाम सरकारने १९२० साली इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, ही मोठीच कामगिरी. पण रंगांवर त्यांनी लाखेचे रोगण दिले, ते पुढे पिवळे पडले आणि चित्रेच झाकोळली. तो थर उतरवण्याचे नाजूक काम नंतर पुरातत्त्व खात्याला करावे लागले. डागडुजी कोणती आणि रोगण कोणते, हे ओळखणे हीच खरी विद्या आहे. गाडीला चकचकीत रंग आणि क्रोमच्या पट्ट्या द्या, असा आग्रह करणाऱ्यांना मी अजिंठ्याची गोष्ट सांगतो. ते गप्प बसतात. पटले म्हणून की कंटाळले म्हणून, ते विचारत नाही.

गेल्या वर्षी मात्र मलाच निर्णय घ्यावा लागला. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी नवे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून मान मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, आणि मुदत दहा वर्षांची. पण अट अशी, की ती रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच तिने उंबरा ओलांडायचा. नको असेल तर साधी नोंदणी आहेच. दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यायची. कायदा वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मोठ्या शहरातल्या गर्दीत तोच बरा. आणि मोह मलाही झाला. म्हाताऱ्या माणसाला शाल-श्रीफळ मिळत असताना नाही कोण म्हणेल?

मी मिस्त्रींना विचारले. ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, “सर, उभी गाडी लवकर मरते.” त्यांचा मुलगा जळगावात नव्या गाड्या दुरुस्त करतो, संगणकाची वायर जोडतो आणि पडद्यावर रोग वाचतो. त्याचे काम तो चोख करतो. पण कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवायचा हे तो पडद्यावर दिसत नाही. ते मिस्त्रींच्या बोटांत आहे, आणि बोटांतली विद्या कागदावर उतरत नाही. गाडी चालत राहिली तर ती बिघडेल, बिघडली तर ते येतील, आणि ते आले तरच मला शिकता येईल. गाडी शोभेची झाली, तर गाडीबरोबर ती बोटेही निवृत्त होतील.

मी साधी नोंदणीच चालू ठेवली. तपासणीसाठी पुन्हा जळगावला जावे लागेल, तोवर ट्रनियनला तेल पाजण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मिस्त्री शेजारी खुर्ची टाकून बसतात, चहा पितात आणि मध्येच म्हणतात, “थांबा सर, अजून एक थेंब.” तो एक थेंब त्यांना कसा दिसतो, ते मला अजून कळलेले नाही. पण परवा त्यांच्या आधी मीच थांबलो, आणि त्यांनी मान हलवली.